वाचकांचे प्रश्न : दाराशी टॅग धरला, पुढे काय होते?

बडोद्यातल्या नव्या इमारतींत लोखंडी किल्लीची जागा टॅगने, म्हणजे दाराशी धरायच्या बिल्ल्याने किंवा कार्डाने, घेतली आणि त्याबरोबर नव्या तक्रारीही आल्या. या वेळी आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे : ‘आमचे कार्ड खराब झाले, काय करावे?’ खरे तर या साखळीत सगळ्यांत कमी बिघडणारी वस्तू म्हणजे कार्डच. वायर, वीजपुरवठा, लॉकची लोखंडी पट्टी आणि कंट्रोलरमधली (दार उघडायचे की नाही हे ठरवणाऱ्या पेटीतली) यादी, दुखणे बहुतेक वेळा या चारांपैकी कुठेतरी असते. उत्तरे देताना तोच रोख ठेवला आहे.

प्रश्न : टॅगमध्ये सेल नाही, वायर नाही. मग तो काम कसे करतो? आणि दाराला कसे कळते की हा माझाच टॅग आहे?
(मांजलपूर)

ट्रान्सफॉर्मर आठवा. त्यात दोन गुंडाळ्या असतात; एकीत प्रवाह खेळवला की दुसरीत आपोआप वीज निर्माण होते. इथे एक गुंडाळी भिंतीवरच्या रीडरमध्ये, म्हणजे टॅग वाचणाऱ्या डबीत, आहे आणि दुसरी तुमच्या टॅगमध्ये. रीडर आपल्या गुंडाळीत सेकंदाला १,२५,००० वेळा मागे-पुढे होणारा (१२५ किलोहर्ट्झचा) प्रवाह सतत फिरवत असतो. टॅग जवळ आला की त्यातल्या केसाहून बारीक तांब्याच्या तारेत, शेकडो वेढ्यांत, चिमूटभर वीज उमटते. टॅगमधली चिप जागी व्हायला तेवढी पुरते.

चिप स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. आपल्या गुंडाळीवरचा भार ती ठरावीक तालात कमी-जास्त करते आणि त्या तालाचा हिसका रीडरच्या गुंडाळीला जाणवतो. नदीच्या अलीकडे दोर धरला आहे आणि पलीकडून कोणी ओढ देते आहे, तसे. त्या ओढीतून ६४ बिट (प्रत्येक म्हणजे एक शून्य किंवा एक) येतात : सुरुवात ओळखण्यासाठी ९, खऱ्या क्रमांकाचे ४०, चूक पकडण्यासाठी १४ आणि शेवटी १. सोसायट्यांत दिसणाऱ्या स्वस्त टॅगचा हा ठरलेला साचा आहे. सगळा क्रमांक एकदा सांगायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो आणि टॅग समोर आहे तोवर तो तेच तेच सांगत राहतो. चालता चालता टॅग झटकन फिरवला तर वाचन हुकते ते यामुळेच. अर्धा सेकंद स्थिर धरा.

आता तुमचा टॅग किंवा कार्ड हातात घेऊन बघा. पुष्कळांवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ‘००१२३४५६७८’ आणि त्यापुढे ‘१८८,२४९१०’. ते दोन वेगळे क्रमांक नव्हेत. १८८ ला ६५,५३६ ने गुणून त्यात २४,९१० मिळवा, बरोबर १,२३,४५,६७८ येतात. एकच संख्या दोन तऱ्हांनी लिहिली आहे. पुढच्याच उत्तरात याचा उपयोग आहे.

टॅगमध्ये तुमचे नाव, फ्लॅट नंबर, काहीही नसते. फक्त ही संख्या. रीडर ती कंट्रोलरकडे पोचवतो, कंट्रोलर आपल्या यादीत शोधतो, सापडली आणि वेळ परवानगीतली असली तर रिले (विजेवर चालणारा स्विच) तीन ते पाच सेकंद बदलतो आणि लॉक सुटते. म्हणून ‘कार्डाची मुदत संपली’ असे कोणी म्हटले तर कार्डात काही संपलेले नसते. यादीतली नोंद बदललेली असते.

प्रश्न : पावसात रीडर बंद पडला म्हणून नवा बसवला. टॅग धरला की ‘बीप’ वाजतो, दिवा लागतो, पण दार एकाचेही उघडत नाही. इन्स्टॉलर म्हणतो सगळे टॅग नवे घ्या.
(सोसायटीचे सेक्रेटरी, वाघोडिया रोड)

टॅग घेऊ नका. ‘बीप’चा अर्थ एवढाच की रीडरने संख्या वाचली. ती कंट्रोलरपर्यंत नीट पोचली का, हे बीप सांगत नाही.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यामध्ये बहुधा वायगांड पद्धतीची जोडणी असते. दोन डेटा वायर, बहुतेक रीडरना हिरवी म्हणजे डी-शून्य आणि पांढरी म्हणजे डी-एक. दोन्हींवर एरवी पाच व्होल्ट असतात. शून्य पाठवायचा तर हिरवी आणि एक पाठवायचा तर पांढरी, सुमारे ५० मायक्रोसेकंदांपुरती खाली ओढली जाते. आता कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये घडामोडींची नोंद उघडा, टॅग दाखवा आणि बघा.

नोंद काहीच आली नाही, तर वायरिंग बघा. हिरवी-पांढरी उलट लागली असली तर प्रत्येक शून्याचा एक आणि एकाचा शून्य होतो, तपासणीचे बिट जुळत नाहीत आणि कंट्रोलर तो संदेश टाकून देतो. दोन्हींपैकी एक तुटलेली असली तरी तेच. तिसरे कारण फार वेळा दिसते आणि तितकेच सुटून जाते : नव्या रीडरला जागच्या जागी वेगळा ॲडॉप्टर दिलेला असतो, पण त्याची काळी वायर कंट्रोलरच्या ग्राउंडला (ऋण टोकाला) जोडलेली नसते. पाच व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे हेच मग कंट्रोलरला कळत नाही. दोन्हींचे ग्राउंड एकत्र करा.

नोंद आली पण ‘अनोळखी कार्ड’ म्हणून, तर वायर ठीक आहे आणि संख्येचा साचा बदलला आहे. जुना रीडर ३४ बिटांचा असेल, नवा २६ चा. २६ मधले दोन तपासणीचे, म्हणजे संख्येला उरले २४. त्यात वरच्या उदाहरणातले १८८ आणि २४९१० जातात. त्याहून मोठ्या संख्येचा वरचा भाग गळतो. १,२३,४५,६७८ आणि २,९१,२२,८९४ हे दोन वेगळे टॅग २६ बिटांवर अगदी एकच दिसतात, म्हणजे शेजारच्याच्या टॅगने तुमचे दार उघडू शकते. उपाय नवे टॅग नव्हे. बऱ्याच रीडरना साचा बदलण्यासाठी एखादी जादा वायर ग्राउंडला लावायची सोय असते. ती माहितीपत्रकात पाहून ३४ वर न्या. ते जमत नसेल तर रीडर बदलून मागा.

प्रश्न : किल्ल्या करणाऱ्या दुकानात आमच्या टॅगची नक्कल दोन मिनिटांत मिळते. ९६ फ्लॅट आहेत. सगळी यंत्रणा बदलावी का?
(कारेलीबाग)

नक्कल मिळते हे खरे आहे. १२५ किलोहर्ट्झचा साधा टॅग विचारणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगतो, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या कोऱ्या चिपवर तोच क्रमांक चढवला की कंट्रोलरला फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.

पण खर्चाआधी यादी उघडा. ९६ फ्लॅटना तीन-तीन टॅग धरले तरी २८८ होतात. यादीत ४०० निघाले तर वरचे कोणाचे? सोडून गेलेले भाडेकरू, बदललेल्या कामवाल्या मावशी, रंगकाम करून गेलेली माणसे. त्यांच्याकडे नक्कल नाही, अस्सल टॅग आहेत. आमच्या मते आधी एका रविवारी प्रत्येक घराकडून टॅग मागवून, वाचून, नावासमोर लिहून घ्या आणि आठवडाभराची सूचना देऊन उरलेले काढून टाका. याला पैसा लागत नाही आणि नक्कलीपेक्षा मोठे भोक यानेच बुजते.

बदलायचेच ठरले तर १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कार्डांकडे जावे लागेल, पण इथे फसवणूक होते, लक्ष द्या. तुमचा सध्याचा टॅग कोणता हे घरी कळते : एनएफसी (टेकवून पैसे देण्याची सोय) असलेल्या मोबाइलच्या पाठीला लावा. मोबाइलला चाहूल लागली तर १३.५६, नाही लागली तर बहुधा १२५. मात्र १३.५६ म्हणजे सुरक्षित, असे नाही. मायफेअर क्लासिक या फार पसरलेल्या कार्डाची गुप्तलिपी २००८ मध्येच संशोधकांनी फोडली. शिवाय बरेच इन्स्टॉलर कार्ड कितीही चांगले असले तरी त्याचा फक्त उघडा अनुक्रमांक, यूआयडी, वाचतात. मग महागाच्या कार्डाचा उपयोग स्वस्त टॅगएवढाच. त्याचीही नक्कल होते.

कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी मागा. कार्ड डेस्फायरसारखे, एईएस गुप्तलिपीचे असावे. रीडरने यूआयडी न वाचता कार्डातला राखीव भाग गुप्त आकड्यांची किल्ली लावून वाचावा. आणि ती किल्ली कारखान्यातून आलेली न ठेवता तुमच्या सोसायटीची वेगळी बनवून समितीच्या ताब्यात द्यावी, नाहीतर उद्या इन्स्टॉलर बदलणे अशक्य होऊन बसते. दोन्ही वारंवारता वाचणारे रीडर घेतले तर टॅग तीन महिन्यांत सावकाश बदलता येतात. बदल पुरा झाला की रीडरमधले १२५ चे वाचन बंद करायला सांगा. ही शेवटची पायरी हमखास राहते आणि ती राहिली तर सगळा खर्च पाण्यात.

एक गोष्ट मात्र खर्च न करता लगेच तपासा. दाराबाहेर आकड्यांची कळफलकपेटी आहे आणि लॉकच्या वायर त्याच पेटीत जातात का? तसे असेल तर टॅग कोणताही असो, पेटी उचकटून दोन वायर जोडणाऱ्याला दार उघडे आहे. रिले दाराच्या आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीतच हवा.

प्रश्न : काचेच्या दाराचे मॅग्नेटिक लॉक लागते, पण खांद्याने जोर दिला की सुटते. २८० किलोचे आहे म्हणे.
(दवाखाना, अकोटा)

२८० किलो हा आकडा पूर्ण १२ व्होल्ट आणि पूर्ण चिकटलेली पट्टी असताना खरा. दोन्ही तपासा.

दार बंद, लॉक चालू, अशा स्थितीत मल्टिमीटर लॉकच्याच टर्मिनलवर लावा, पुरवठ्याच्या पेटीवर नाही. ११.५ च्या वर हवे. पेटीवर १२ आणि लॉकवर १० दिसले तर वायर दोषी. हिशेब सोपा आहे. हे लॉक सुमारे अर्धा ॲम्पिअर घेते, म्हणजे त्याचा रोध २४ ओहम. उरलेल्या इंटरनेट केबलची एकेक तार वापरली असेल तर तिचा रोध १०० मीटरला साधारण ८ ओहम. पेटी ३० मीटर दूर, जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ५ ओहम. १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच संपतात. हेच अंतर १.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरने गेलात तर अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. केबलच्या तीन-चार तारा एकत्र पिळून देणे हा तात्पुरता उपाय झाला.

आता पट्टी. दारावरची लोखंडी पट्टी मधल्या एका बोल्टवर, रबरी वॉशरवर बसवलेली असते आणि बोटाने किंचित हलली पाहिजे. ती हलते म्हणजे ढिली आहे असे समजून सुतार किंवा इलेक्ट्रिशियन बोल्ट गच्च आवळतो, आणि तिथेच लॉक मरते. लॉकचा चेहरा आणि पट्टी अंगभर टेकायला पट्टीला जरा झुकण्याची मोकळीक लागते. आवळलेली पट्टी एका कडेवर टेकते आणि दुसऱ्या कडेला कागदाएवढी फट राहते. चुंबकाला कागदाची फटही फार होते. आवाज नको म्हणून पट्टीवर चिकटवलेली टेप, उडालेला रंग, गंजाचा पापुद्रा, सगळे तेच करते. कोरड्या कापडाने पुसा, पॉलिश पेपर घासू नका. वरचा मुलामा गेला की गंज वाढतो.

लॉकच्या दोन टर्मिनलवर १एन४००७ डायोड उलटा लावलेला आहे का तेही पाहा, त्याची पांढरी पट्टी धन बाजूला. लॉकची वीज तुटताना गुंडाळीतून उलटा झटका येतो; डायोड नसला तर तो रिलेचे संपर्क जाळत जातो, आणि एक दिवस रिले चिकटून बसतो. दार उघडताक्षणी कंट्रोलर रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

प्रश्न : लोखंडी गेटवरच्या रीडरला टॅग अगदी घासावा लागतो. आत लाकडी दारावरचा तोच रीडर चार बोटांवरून वाचतो.
(गोत्री)

लोखंड रीडरचे चुंबकीय क्षेत्र खाते. रीडरच्या मागे १५-२० मिमी जाडीचा प्लास्टिक किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घाला, लगेच फरक पडेल. तरी न सुधारल्यास रीडर तात्पुरता १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. बॅटरीवर अंतर वाढले तर स्वस्त एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या पेटीचा) गोंगाट १२५ किलोहर्ट्झच्या आसपास मिसळतो आहे, पुरवठा बदला. भिंतीच्या आत-बाहेर दोन रीडर पाठीला पाठ लावले असतील तर त्यांच्यात निदान एक फूट अंतर ठेवा.

प्रश्न : वीज गेली की दार उघडेच राहते. चोरांना आमंत्रणच नाही का? वीज गेल्यावर बंद राहील असे लॉक मिळेल का?
(पतपेढी, दांडिया बाजार)

मिळते, पण माणसांच्या वाटेवर ते नुसते बसवू नका. जुन्या दांडिया बाजारात अरुंद जिना आणि एकच दार असलेल्या इमारती किती आहेत हे तुम्हीच जाणता. आग लागली की आधी वीज जाते, आणि धुरात माणूस टॅग शोधत बसत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ सांगतो की बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे. मॅग्नेटिक लॉक वीज गेल्यावर सुटते तो दोष नाही, मुद्दाम केलेली रचना आहे.

वीज जाण्याचा उपाय बॅटरी. लॉक ०.५, कंट्रोलर ०.२, रीडर ०.१, मिळून ०.८ ॲम्पिअर. १२ व्होल्ट ७ एएचची (ॲम्पिअर-तासांची) नवी बॅटरी यावर सहा तास सहज काढते; कागदावर पावणेनऊ येतात, पण ते धरू नका. मे महिन्यात बंद पत्र्याच्या पेटीत ती भाजून निघते, म्हणून दोन-अडीच वर्षांत बदलावीच. बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. दर तीन महिन्यांनी मेन स्विच तासभर बंद ठेवा. तासानंतर लॉक चालू असताना ११.५ च्या खाली गेली तर नवी आणा.

आतल्या बाजूला काच फोडायचे हिरवे आपत्कालीन बटण हवे, आणि त्याची जोडणी नीट पाहा. ते लॉकच्या धन वायरला थेट तोडणारे असावे. पुष्कळ ठिकाणी ते कंट्रोलरला नुसता ‘उघड’ असा निरोप देते. कंट्रोलर अडकला असेल तर निरोप ऐकणार कोण? तपासायची रीत : कंट्रोलरमधून रीडर आणि एक्झिट बटण दोन्हींच्या वायर काढा, मग आपत्कालीन बटण दाबा. दार सुटले पाहिजे. फायर अलार्म असेल तर त्याचा रिलेही याच वायरमध्ये घ्या.

तिजोरीच्या किंवा दप्तराच्या खोलीला मात्र वीज गेल्यावर बंद राहणारे इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसणारी विजेची पकड) योग्य, आतून हाताने फिरवायच्या मुठीसह. रात्री पतपेढी बंद करताना शटर आणि साधे कुलूप लावायचेच. मॅग्नेटिक लॉक त्याची जागा घेत नाही.

प्रश्न : २०२४ च्या पुरात तळघरातला कंट्रोलर बुडाला. वाळवून वापरता येईल का?
(फतेगंज)

एसएमपीएस आणि बॅटरी टाकून द्या, त्यांना पुन्हा वीज देणे धोक्याचे आहे. कंट्रोलर बोर्डावर विश्वामित्री नदीचा गाळ बसला असेल तर तोही आज चालून महिन्याभरात गंजाने जाईल. लॉक आणि चांगला रीडर आतून इपॉक्सीने भरलेले असतात, ते बहुधा वाचतात. वायरच्या टोकाकडे दुर्लक्ष करू नका : पाणी आवरणाच्या आतून तारेबरोबर वर चढते. टोके हातभर कापून तांबे लख्ख दिसेपर्यंत मागे या. काळे-हिरवे दिसले तर अजून कापा.

नवा कंट्रोलर पहिल्या मजल्यावर घ्या. वायगांडची वायर शंभर मीटरपर्यंत बिनघोर जाते, तळघराच्या दारासाठी कंट्रोलर तळघरातच हवा असे काही नाही. लॉकची वायर लांबेल, तिची जाडी वरच्या अकोट्याच्या उत्तराप्रमाणे. आणि टॅगची यादी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर काढून सेक्रेटरींच्या घरी ठेवा. बोर्ड बाजारात मिळतो, तीनशे नावे आणि क्रमांक पुन्हा गोळा करायला महिना जातो.

प्रश्न : गाडीच्या काचेवरचा टॅग दहा-पंधरा फुटांवरून कसा वाचतो? आमच्या एका गाडीचा वाचतच नाही.
(अलकापुरी)

तो वेगळ्या जातीचा आहे. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. तिथे गुंडाळ्यांचा नव्हे तर रेडिओलहरींचा खेळ चालतो, म्हणून अंतर वाढते. फास्टॅगही याच जातीचा. न वाचणाऱ्या गाडीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा मुलामा किंवा फिल्म असणार. लहरी तिथूनच परत फिरतात. अशा बऱ्याच काचांवर आरशामागे ठिपक्याठिपक्यांचा मोकळा तुकडा ठेवलेला असतो, टॅग तिथे चिकटवून पाहा. तसा तुकडा नसेल तर हेडलाइटच्या काचेवर लावायचा वेगळा टॅग मिळतो. एकदा काढलेला जुना टॅग पुन्हा चिकटवू नका. सोलताना त्याचा अँटेना फाटतो आणि वरून तो धड दिसत राहतो.